सीटी स्कॅन नॉर्मल, तरी शब्द सापडेनात

शहापूरकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहतो, साड्यांचं दुकान आहे. बावीस दिवसांमागं पावसात तिसऱ्या रेल्वे गेटाकडून येताना स्कूटर घसरली. हेल्मेट होतं. घसरल्याचं आठवतंय, मग एकदम रिक्षात बसलेलो आठवतंय. मधली वीसेक मिनिटं कोरी. बघणारे सांगतात, मी उभा राहून तीन वेळा विचारलं, "माझी पिशवी कुठाय?" पिशवी हातातच होती.

दवाखान्यात सीटी काढला. नॉर्मल. "किरकोळ मार आहे, दोन दिवस आराम करा" म्हणून घरी सोडलं. डोकेदुखी दहाव्या दिवशी थांबली.

आता खरी अडचण. गिऱ्हाईक कानडी बोललं तर कानडी, मराठी बोललं तर मराठी, यावरच आमचं दुकान चालतंय. परवा बैलहोंगलची एक बाई आली. पदर उलगडून दाखवायला लागलो आणि पदराला कानडीत म्हणतात तो 'सेरगु' हा शब्दच येईना. दिवसातनं पन्नास वेळा तोंडात असतोय तो! शेवटी हातानं दाखवलं. रंगांचंही तेच. अबोली समोर दिसतेय, नाव ओठावर आहे, बाहेर पडत नाही. हिशेब चुकत नाही, पण वेळ लागतोय. दोघं एकदम बोलले की डोकं जाम. संध्याकाळी पोरावर उगाच खेकसतो.

भाऊ म्हणतोय, "रिपोर्ट नॉर्मल आहे की, किती दिवस नाटक करणार?" खरं सांगा, असं होतं काय? का माझ्याच मनाचे खेळ?

उद्यमबागवाला

भिजवलेले बदाम आणि ब्राह्मी तेल. आमच्या मामांना फरक पडला होता.

निपाणीची ताई

बदाम खा दादा, चवीला चांगले असतात. पण प्रश्न वेगळा आहे.

मी एमआरआय टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा. सीटीत कवटीचं हाड आणि रक्तस्राव दिसतो. तुमच्या डोक्यात रक्त साचलं नव्हतं, एवढंच त्या रिपोर्टनं सांगितलं आणि ते चांगलंच झालं. पण झटका बसला की मेंदू आतल्या आत हलतो, गरकन फिरतो. हेल्मेटनं कवटी वाचते, हे फिरणं पूर्ण थांबत नाही. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडं नेणारे लांब बारीक तंतू त्यात ताणले जातात. बरेचसे तुटत नाहीत, पण त्यांच्यातलं क्षारांचं गणित बिघडतं, सूज येते, निरोप उशिरा पोचतो. सीटीला यातलं काही दिसत नाही, साध्या एमआरआयलाही बऱ्याचदा नाही.

डीटीआय म्हणून एमआरआयचाच एक प्रकार आहे. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेनं सहज सरकतात, आडवे कमी. त्यावरून तंतूंची घडी विस्कटलीय का याचा अंदाज येतो. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी सौम्य मार लागलेले ४४ आणि मध्यम मार लागलेले ९ जण तपासले, सोबत मार न लागलेले ३३. पहिला स्कॅन मार लागल्यावर सरासरी ६ दिवसांनी. तंतूंमध्ये फरक दिसलाच. आणि एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द भराभर सांगायच्या चाचणीत मार लागलेल्यांचे गुण २५ टक्क्यांनी कमी आले. तुमचं 'सेरगु' वाचलं आणि मला तेच आठवलं! वर्षानं त्यांतल्या २३ जणांना परत बोलावलं, तेव्हा चाचण्यांचे गुण बाकीच्यांच्या बरोबरीला आले होते. स्कॅनमध्ये मात्र काही ठिकाणी फरक अजून होता.

म्हणून लगेच डीटीआय काढायला पळू नका. ते निष्कर्ष गटाचे आहेत, एकट्या माणसाच्या चित्रावरून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. बहुतेकांना तीन महिन्यांच्या आत बरं वाटतं, थोड्यांचं लांबतं. तुम्ही दोन भाषांत एकदम काम करता, म्हणून तुमची अडचण दुकानात जास्त दिसतेय, असं आपलं मला वाटतं.

पण डोकेदुखी परत वाढत गेली, उलट्या झाल्या, फिट आली, एक हात-पाय लुळा वाटला, गुंगी आली तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच जपा. त्यांच्यात रक्तस्राव उशिरानंही होतो.

माजी सैनिक, खानापूर

दुकानदार साहेब, भावाला पुढच्या वेळी डॉक्टरांकडं बरोबर न्या. त्याला त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

आम्ही पलटणीत असताना बॉक्सिंगमध्ये माझ्या डोक्याला असाच मार बसला होता. पंधरा दिवस नकाशा वाचताना ओळ सुटायची. मी लपवलं, हीच चूक. पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर महागात पडतंय. म्हणून महिनाभर स्कूटर दुसऱ्याला चालवू दे. दारू बंद. झोप पुरी घ्या. आणि कोपऱ्यात पडून राहू नका: आधी दोन तास दुकान, त्रास नाही झाला तर चार.

शहापूरकर

ताई, काका, आभारी आहे. उशिरा लिहितोय, माफ करा.

आमच्या गल्लीत पूर्वी माग होते. ताण्याचा धागा तुटला की लगेच दिसायचा. नुसता ओढला गेला असला तर कापडात सुरकुती पडल्यावरच समजायचं. भावाला असं सांगितलं तर गप्प बसला. आता सकाळी अकरा ते दोन मी, पुढं तो. एका वेळी एकच गिऱ्हाईक. रंगांची नावं कागदावर लिहून काउंटरखाली चिकटवलीत, त्याची मात्र लाज वाटायलीय.

ताईंनी सांगितलेला अक्षरांचा खेळ बायको घरी घेतेय, मोबाईलवर एक मिनिट लावून. 'क'वर पहिल्यांदा सात शब्द आले होते, काल अकरा. 'स'वर घेतला तेव्हा सेरगु आपणहून आलं. पण कानडी शब्द म्हणून तिनं तो मोजला नाही.