मदत हवी आहे: २जेझेड इंजिनाच्या ट्रॅक-कारसाठी कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निवडावा?

सर्व जाणकारांना नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे मशीन शॉप आहे. नेहमीची कामे सांभाळून आम्ही तेथेच मागच्या चाकांवर चालणारी एक दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी करीत आहोत. नळ्यांची चेसिस वेल्ड होऊन तयार आहे आणि इंजिनाच्या माउंटिंगची जागाही ठरली आहे. मात्र गिअरबॉक्स निश्चित झाल्याशिवाय पुढचे काम हलणार नाही, कारण मधला बोगदा (ज्यात गिअरबॉक्स बसतो), प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि डिफरन्शिअलचे प्रमाण हे सारे त्यावरच अवलंबून आहे. गाडी रस्त्यावर येणार नसून ट्रेलरवरून फक्त ट्रॅकवर जाणार आहे, त्यामुळे नोंदणीचा आणि आरटीओचा प्रश्न या धाग्यात बाजूला ठेवावा, ही विनंती.

गाडी माझे थोरले बंधू चालवणार आहेत. एका जुन्या अपघातानंतर त्यांच्या डाव्या घोट्याची हालचाल कायमची मर्यादित झाली आहे आणि त्या पायाने क्लच दाबणे किंवा ब्रेकवर नेमका जोर देणे त्यांना शक्य नाही. ‘अशा गाडीला मॅन्युअलच शोभतो’ हा सल्ला आम्हाला अनेकांनी मनापासून दिला आहे, परंतु येथे ऑटोमॅटिक ही मूळ अट आहे. जो गिअरबॉक्स निवडू तो केवळ उजव्या पायाने आणि दोन हातांनी पूर्ण क्षमतेने चालवता आला पाहिजे. दादांना गाडीत नुसते बसवायचे नाही, त्यांना वेळ नोंदवता यावी अशी गाडी त्यांच्या हाती द्यायची आहे.

इंजिन टोयोटाचे २जेझेड-जीटीई आहे: सहा सिलिंडर एका ओळीत, २९९७ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिमी. ब्लॉक कास्ट आयर्नचा आहे, आणि फौंड्रीच्या गावात वाढलेल्या माणसाला तो पाहून किती समाधान वाटते, हे येथे वेगळे सांगायला नको. मूळचे दोन टर्बो काढून एक मोठा टर्बो बसवला आहे. उद्दिष्ट साधारण ५०० अश्वशक्ती आणि ६२० न्यूटन-मीटर टॉर्कचे असून कमाल फेरे मिनिटाला ७००० ठेवले आहेत. हा टर्बो सुमारे ४००० फेऱ्यांनंतर पूर्ण दाब देतो. गिअर बदलल्यावर इंजिन त्या रेषेच्या वर राहते की खाली कोसळते, यावर माझा जवळजवळ सगळा विचार आधारलेला आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे टोयोटाच्या सुप्रा गाडीत याच इंजिनासोबत येणारा ए३४०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक. तो थेट बसतो. पण त्याच्या पहिल्या दोन गिअरची प्रमाणे अंदाजे २.८० आणि १.५३ आहेत. ७००० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसऱ्यात गेल्यास इंजिन सुमारे ३८२५ वर येते, म्हणजे बूस्ट (टर्बोचा दाब) पुन्हा उभा राहीपर्यंत वाट पाहावी लागते. शिवाय ६२० न्यूटन-मीटर हा त्याच्यासाठी फार मोठा भार आहे. त्यामुळे तो मी यादीतून काढला आहे.

पुण्यातील एका अनुभवी ट्यूनरने जनरल मोटर्सचा ४एल८०-ई सुचवला. १९६४ सालच्या टर्बो ४०० या प्रसिद्ध गिअरबॉक्सचा हा वारसदार १९९१ मध्ये आला. ताकदीच्या बाबतीत त्याच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्याचे नियंत्रणही तुलनेने सोपे आहे. मात्र प्रमाणे २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५ अशी आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे सुमारे ४१८० वर येतात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ४७३० वर. सरळ धावपट्टीवरील ड्रॅग शर्यतीसाठी हे चालून जाईल. वळणावळणाच्या ट्रॅकवर मात्र प्रत्येक वळणात योग्य गिअर मिळायला हवा, आणि तेथे तीन उपयुक्त गिअर मला अपुरे वाटतात. वजनही शंभर किलोच्या पुढे जाते.

माझा कल झेडएफ या जर्मन कंपनीच्या ८एचपी७० या आठ गिअरच्या ऑटोमॅटिककडे आहे. २००९ पासून उत्पादनात असलेल्या या मालिकेची रचना मी बारकाईने अभ्यासली आहे. चार प्लॅनेटरी संच आणि फक्त पाच शिफ्ट घटक, म्हणजे तीन क्लच आणि दोन ब्रेक, यांतून आठ गिअर मिळतात. कोणत्याही गिअरमध्ये पाचांपैकी दोनच घटक उघडे असतात, त्यामुळे तेलात फुकट घासण्यात जाणारी शक्ती कमी राहते. नावातील ७० हा आकडा ७०० न्यूटन-मीटरच्या वर्गाचा निदर्शक आहे. पहिल्या पिढीची प्रमाणे ४.६९६, ३.१३०, २.१०४, १.६६७, १.२८५, १.००, ०.८३९ आणि ०.६६७ अशी आहेत. यावरून हिशेब केला तर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना फेरे ७००० वरून सुमारे ४७०५ वर, तिसऱ्यातून चौथ्यात ५५४५ वर आणि चौथ्यातून पाचव्यात ५३९५ वर येतात. टर्बो कुठेही झोपत नाही. टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच गाडी चालू लागताच गुंतवता येतो, म्हणजे घसरण आणि तिच्यातून निर्माण होणारी उष्णता मर्यादित राहते.

आता डबल क्लचविषयी, म्हणजे सम आणि विषम गिअरसाठी दोन वेगळे क्लच असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्सविषयी. बीएमडब्ल्यूच्या एम३ मध्ये २००८ पासून मिळणारा गेट्रागचा सात गिअरचा ओल्या क्लचचा गिअरबॉक्स आम्हाला मिळू शकतो. त्याचा शिफ्ट अतिशय नेमका असतो आणि चालकाला इंजिनाशी थेट जोडल्याची भावना येते. दादांना स्वतःला तोच हवा आहे, आणि त्यांच्या मताला माझ्यालेखी मोठी किंमत आहे. परंतु गाडी उभ्याने सुटताना डबल क्लचमध्ये क्लचच घासावा लागतो, तर टॉर्क कन्व्हर्टर तेच काम तेलातून करतो आणि त्या क्षणी टॉर्क वाढवूनही देतो. मोठ्या टर्बोला सुरुवातीच्या फेऱ्यांत नेमकी हीच मदत हवी असते. खुद्द बीएमडब्ल्यूनेही २०१७ च्या एम५ पासून आणि पुढे २०२० च्या एम३ मध्ये डबल क्लच सोडून ८एचपी स्वीकारला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

एवढा विचार करूनही काही प्रश्न उरतात, आणि त्यांसाठीच हा धागा काढला आहे.

पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न गाडी उभ्याने सुटण्याचा आहे. कन्व्हर्टरच्या गाडीत डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्या पायाने बूस्ट तयार करण्याची सर्वमान्य पद्धत आमच्यासाठी बंद आहे. मागच्या चाकांसाठी हातचा हायड्रॉलिक ब्रेक बसवून गाडी त्यावर धरावी, की ब्रेक लाइनमध्ये सोलेनॉइड घालून स्टिअरिंगवरील बटणाने दाब अडकवावा? प्रत्यक्ष स्पर्धेत यांपैकी काही वापरलेले कोणी असल्यास त्यांचा अनुभव आमच्यासाठी अमूल्य ठरेल.

दुसरा प्रश्न स्रोताचा आहे. आपल्याकडे भंगारात मिळणारे बहुतेक ८एचपी डिझेल गाड्यांतून निघालेले असतात. त्यांचा कन्व्हर्टर कमी फेऱ्यांसाठी घडवलेला असतो. असा गिअरबॉक्स ७००० फेऱ्यांवर सातत्याने चालवायचा असेल, तर कन्व्हर्टर बदलणे पुरेसे आहे, की पेट्रोल गाडीतलाच शोधणे शहाणपणाचे?

नियंत्रणाबाबतही मार्गदर्शन हवे आहे. ८एचपीचा मूळ कंट्रोलर आतच, तेलात बसवलेल्या मेकॅट्रॉनिक भागात (व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या एकत्र संचात) असतो, आणि मूळ गाडीच्या इतर संगणकांशी संवाद नसेल तर तो नीट काम करीत नाही. पोलंडच्या टर्बोलॅमिकसारखा स्वतंत्र कंट्रोलर वापरण्याचा विचार आहे. आमच्या इंजिनावर केबलचा थ्रॉटल आहे; खालचा गिअर घेताना फेरे आपोआप वाढावेत यासाठी तो इलेक्ट्रॉनिक करावा लागेल, असे मी गृहीत धरले आहे. दादांचा उजवा पाय त्या क्षणी ब्रेकवर असणार, म्हणून ही गोष्ट टाळता येणार नाही. गृहीतक चुकीचे असल्यास कृपया दुरुस्त करावे.

डिफरन्शिअलचे प्रमाण ३.१५ ठेवावे की २.८१, याबाबतही माझे मन ठरत नाही. २७५/३५ आर१८ टायरवर ३.१५ ने तिसऱ्यात ताशी १२९, चौथ्यात १६३ आणि पाचव्यात २१२ किमी मिळतात, २.८१ ने हेच आकडे १४५, १८३ आणि २३७ होतात. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे साधारण २.१ किमीचा आणि चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक ३.७ किमीचा आहे. पहिला गिअर दोन्ही प्रमाणांत नको इतका जोरकस असल्याने दुसऱ्यातूनच सुटावे लागेल, असे दिसते. या दोन्ही ठिकाणी एवढ्या शक्तीची गाडी चालवलेल्यांनी कोणत्या वळणात कोणता वेग येतो ते सांगितले, तर गणित पक्के होईल. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर तिसऱ्या गिअरच्या पुढची चाचणी होऊ शकत नाही.

उष्णतेची काळजी वेगळी आहे. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेरच ३८-४० अंश असताना तेल १२० च्या खाली ठेवण्यासाठी रेडिएटरमधून जाणाऱ्या कूलरशिवाय पंख्यासह स्वतंत्र हवेचा कूलर मागे बसवावा, असे मला वाटते. तसेच इंजिन बंद होताच ८एचपी स्वतःहून पार्कमध्ये (गाडी जखडून ठेवणाऱ्या स्थितीत) जातो आणि त्याचा तेलपंप इंजिनावरच चालतो. ट्रॅकवर गाडी बंद पडल्यास मार्शलना ती ढकलून सुरक्षित जागी नेता आली पाहिजे. पार्क सोडवण्याची केबल चालकाच्या हाताशी आणण्याची खात्रीशीर रचना कोणी केली असेल, तर तिचे छायाचित्र मिळावे.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या ॲडाप्टर प्लेटची चिंता नाही. ती आमच्याच व्हीएमसीवर (संगणकनियंत्रित मिलिंग मशीनवर) कापू आणि बेलहाऊसिंगची केंद्ररेषा डायल गेजने तपासू. मात्र ॲल्युमिनियमचा ठोकळा मशीनवर चढवण्यापूर्वी मला आपली मते हवी आहेत, विशेषतः डबल क्लचच्या बाजूने बोलणाऱ्यांची. दादांच्या पसंतीला नकार द्यायचा असेल, तर तो भक्कम कारणांवर उभा असावा, आणि माझ्या हिशेबात खोट असेल तर ती आत्ताच दाखवावी. चेसिसची मापे, टर्बोचा तपशील आणि बोगद्याचे रेखाचित्र कोणी विचारल्यास येथेच देईन.