पेन्सविकच्या थडग्यांवरचं दगडफूल काढावं का?

छिन्नी: इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या पेन्सविकला सेंट मेरी चर्चच्या आवारात कापडाच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या घराण्यांची 17व्या-18व्या शतकातली कोरीव थडगी आहेत. काही चौकोनी पेटीसारखी, काही चहाच्या डब्यासारखी गोल. आज दगडफुलाच्या (दगडावर वाढणाऱ्या लायकेनच्या) चट्ट्यांखाली नावंच दिसत नाहीत. ज्याच्यावरचं नाव वाचता येत नाही ते थडगं कुणाचं? माझं मत स्पष्ट आहे, साफ करा.

चुनाभट्टी: सपशेल विरोध. तिथली चुनखडी मऊ आहे. दगडफुलाचे तंतू तिच्या कणांत शिरलेले असतात, खरवडलंत की कणही निघतात. अक्षराची कड एकदा गेली की गेली. तारेचा ब्रश, ॲसिड, प्रेशर वॉशर, तिन्ही बाद. वाचायचंच असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च थडग्याच्या कोरीव फरशीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. झिजलेलं अक्षरसुद्धा सावलीनं उठून दिसतं.

छिन्नी: वाचलं, पण झीज थांबली का? दगडफुलाच्या कित्येक जाती ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, ते चुनखडीला खातं.

दरजा: खाणारं दुसरंच आहे. पेटी-थडगं आतून पोकळ असतं, मृतदेह खाली जमिनीत. उभ्या फरश्या कोपऱ्यांत लोखंडी आकड्यांनी जखडलेल्या असतात. दरज, म्हणजे दोन फरश्यांमधला सांधा, उघडली की पाणी आकड्यापर्यंत पोचतं, गंज लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो आणि कोपरा आतून फुटतो. वर कुणीतरी सिमेंट भरतं. मग ओल दरजेऐवजी दगडातून बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि कोरलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. आधी फरश्यांवर खुणा करून पेटी उकला, स्टेनलेस स्टीलचे आकडे घाला. दरजा 1 भाग हायड्रॉलिक (पाण्यातही घट्ट होणारा) चुना, 3 भाग वाळू अशा भरा. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर काम नको, आणि भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट टाका. जुनं सिमेंट हातोडी-छिन्नीनंच काढा. ग्राइंडर सटकला की दगडात खाच पडते.

चुनाभट्टी: हे पटलं. शेवाळ मात्र काढायला हरकत नाही, मऊ ब्रश आणि साधं पाणी.

छिन्नी: आकड्यांचं मलाही पटलं. पण फरशी उकललेलीच असेल तर नावाच्या दोन ओळी तरी मोकळ्या कराव्यात, हे मी सोडत नाही.

दरजा: उकलायलाच चर्चची रीतसर परवानगी, म्हणजे फॅकल्टी, लागते. त्या दोन ओळी अर्जात वेगळ्या मांडा, आधीच्या आडव्या प्रकाशातल्या फोटोंसकट.