मदत हवी आहे: समीक्षेत शेवट उघड करावा का?

एका कादंबरीची १२०० शब्दांची समीक्षा लिहायची आहे. कथासार १५० शब्दांत आटोपून उरलेली जागा निवेदन, पात्रचित्रण आणि भाषेला द्यायची, इथवर ठीक. घोडे अडते निवेदकापाशी. निवेदन प्रथमपुरुषी आहे आणि निवेदक खोटे बोलतो, हे कळते थेट शेवटच्या प्रकरणात. ते न सांगता आधीच्या विसंगती दाखवल्या, तर त्या लेखकाच्या चुका वाटतात. सांगितले, तर नव्या वाचकाचा रसभंग. नुसते ‘निवेदन गुंतागुंतीचे आहे’ लिहिणे म्हणजे पुराव्याविना शेरा, तो नकोच. अवतरणे चारच बसतील, दोन-तीन ओळींची. सगळी सुरुवातीच्या प्रकरणांतली घ्यावीत, की एक शेवटचे हवेच? आणि रहस्यभेदाची (स्पॉयलरची) सूचना अगदी वर द्यावी की शेवट उघड करणाऱ्या परिच्छेदाआधी?