मदत हवी आहे: मारुती 800 चे पुढचे लोअर आर्म गंजलेत, घरी बदलता येतील का?

खारावारा
गाडी मारुती 800, 2004 ची. मुक्काम देवगड, समुद्र दोन किलोमीटरवर. डाव्या आर्मचे, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्याचे, पापुद्रे नखाने निघतायत, त्याच्या चाकाकडच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटलाय. खड्ड्यातून हळू गेलं की पुढून 'खट्' आवाज येतो आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे जाते. डाव्या टायरची आतली कड जास्त झिजली आहे. उजवी बाजू बरी दिसते, पण गंज आहेच.

हत्यारं: गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, बॉटल जॅक, ग्राइंडर, ब्लो टॉर्च. पोर्चमध्ये सिमेंटची सपाट जागा आहे. प्रश्न तीन. नुसता बॉल जॉइंट बदलू की अख्खा आर्म? गंजून बसलेले बोल्ट कसे काढायचे? शॉकअपच्या स्प्रिंगची खालची वाटीही गंजली आहे, तीही घरीच करू का?

आटेदुरुस्त
पार्ट आणायच्या आधी एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि आर्म आतल्या बाजूला जिथे बॉडीला बसतो तो ब्रॅकेट टोचून बघा. मग बॉनेट उघडून शॉकअपच्या डोक्याभोवतीचा पत्रा आणि चाकाच्या वरची कमान बघा. कोकणात तांबडी माती तिथे थापून बसते, ओल धरते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग शाबूत, खाली चाळण. स्क्रूड्रायव्हर आत घुसला तर नवा आर्म टांगायला खाली काही उरलेलंच नाही. आधी पत्र्याचं वेल्डिंग, मग बाकी सगळं. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायला सांगा.

पत्रा ठणठणीत असेल तर निदान. चाक हवेत घेऊन वर-खाली धरून हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा. खेळ गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावं-उजवं धरून हललं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाकडे जिथे जोडते तो सांधा) बघा.

निवांत पाना
ब्रेकला डावीकडे जाते म्हणताय, तर मला आर्मपेक्षा स्टॅबिलायझर बारच्या बुशचा जास्त संशय आहे. 800 मध्ये हा बार फक्त गाडी कलू नये म्हणून नाही. आर्म आत एकाच बोल्टवर असतो, त्याला पुढे-मागे धरून ठेवणारा हाच बार. त्याचं टोक आर्ममधून आरपार जातं, दोन्ही बाजूंना रबरी बुश, वर वायसर, मग कॅसल नट (डोक्यावर खाचा असलेला) आणि तो फिरू नये म्हणून खाचेतून स्प्लिट पिन. बुश कुजले की ब्रेक दाबताच ते चाक मागे सरकतं. तुमचा 'खट्' तोच असू शकतो.

पण आर्मही गंजलेत, तेव्हा तेही अख्खे घ्या, बॉल जॉइंट आणि आतला बुश बसवलेले. पापुद्रे निघणाऱ्या आर्मवर नवा बॉल जॉइंट म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवं बटण. डावा-उजवा वेगळा असतो, दुकानात दोन्ही शेजारी ठेवून बघा. सोबत बारच्या टोकांचे चारही बुश, बॉडीवरच्या क्लँपचे दोन, वायसर, नव्या स्प्लिट पिना, बॉल जॉइंटची दांडी आवळून धरणारे दोन पिंच बोल्ट आणि आतले दोन बोल्ट नटांसकट. सुट्टे बोल्ट घेतले तर डोक्यावर निदान 8.8 चा (मजबुतीचा) छाप हवा आणि आटे जुन्याशी जुळवून घ्या. हार्डवेअरमधला साधा बोल्ट इथे चालत नाही.

बार बाहेर आल्यावर टोकाचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून बघा. तिथेच गंजून बारीक झाला असेल तर बारही बदला.

आटेदुरुस्त
आता बोल्ट. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारा स्प्रे मारा, पण आधी बाहेर दिसणारे आटे ब्रशने घासून घ्या, नाहीतर तेल गंजावरच राहतं.

गाडी उचलताना दोन्ही पुढची चाकं उचला. एकच बाजू उचलली की बार पिळलेला राहतो आणि नट सुटताना आर्म झटका देतो. बॉटल जॅक फक्त उचलायला, तुम्ही खाली शिरताना गाडी दोन घोड्यांवर (जॅक स्टँडवर) हवी. विटा नकोत, फुटतात. आणि 'गिअरमध्ये टाकलीय' यावर विसंबू नका: 800 चं इंजिन पुढची चाकं फिरवतं, ती हवेत असताना गिअर काहीच धरत नाही. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा.

क्रम: बारचा कॅसल नट, मग पिंच बोल्ट, शेवटी आतला बोल्ट. पिंच बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही. तो बॉल जॉइंटच्या दांडीतल्या खाचेतून जातो, पूर्ण बाहेर काढावाच लागतो. बरेच जण तो अर्धा ठेवून आर्मवर हातोडी मारत बसतात. सोडवताना आधी किंचित आवळा, 'कट्' झालं की उलटं फिरवा. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, स्प्रे मारा, पुन्हा. सलग जोर लावला की डोकं तुटतं, मग ड्रिल करत बसा. बोल्ट निघाला की नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याच्या) फटीत छिन्नी हलकीच घाला, दांडी सैल होण्यापुरती. जास्त फाकवलं तर कान तडकतो.

दांडी सुटली की नकल बाहेर ओढू नका. ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो. नकल तारेने शॉकअपला बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर वजन पडता कामा नये.

खारावारा
ब्लो टॉर्च वापरू का?

आटेदुरुस्त
पिंच बोल्टपाशी नको. शेजारीच ड्राइव्ह शाफ्टचा बूट, ब्रेकचा होज आणि बेअरिंगचं ग्रीस. शिवाय स्प्रे मारलेल्या जागी ज्योत म्हणजे पेटतंच.

लाल माती
शॉकअपचं मी सांगतो. आत्ता आर्म करताना त्याला हात लावू नका. वाटी खरंच गंजून पातळ झाली असेल तर अख्खा शॉकअप खाली उतरवून गॅरेजला न्या आणि तिथे स्प्रिंग बदलून घ्या. उतरवणं सोपं: ब्रेक होजची क्लिप, नकलचे दोन बोल्ट, बॉनेटखालचे वरचे नट. मधल्या मोठ्या नटाला बोट लावू नका. दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरून ठेवलेली असते, स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय तो सुटला तर हात किंवा तोंड जायचं. नकलचे बोल्ट काढण्याआधी डोक्याभोवती रंगाने खूण करा, म्हणजे चाकाचा कल होता तसाच बसतो.

निवांत पाना
बसवताना सगळे जिथे चुकतात ते: आतला बोल्ट आर्म लटकत असताना कधीही पूर्ण आवळायचा नाही. त्या बुशचं रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पिळतं. लटकत्या आर्मवर आवळलं की गाडी खाली ठेवल्याबरोबर रबर पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आधी हाताने बसेल इतकाच ठेवा. जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून आर्म बॉल जॉइंटखालून वर उचला, गाडी घोडीवरून किंचित उचलली जाऊ लागली की थांबा आणि त्या स्थितीत आवळा. घोडी जागेवरच असू दे. बारचे कॅसल नटही असेच शेवटी.

टॉर्कचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. नसेल तर 8.8 च्या कोरड्या एम10 (10 मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला 45 ते 50 न्यूटन मीटर, एम12 ला 80 च्या आसपास. कॅसल नटचं भोक जुळलं नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. बुश बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑईलने रबर फुगतं.

चिखलगाडी
आमच्याकडे पावसाळ्याआधी खालून जळकं ऑईल मारतात. चालेल?

लाल माती
पत्र्याला एक वेळ ठीक, पण ते बुशवर आणि ब्रेक डिस्कवर उडतंच. त्यापेक्षा नवा आर्म बसवण्याआधी झिंक प्रायमरचा एक हात आणि काळ्या इनॅमलचे दोन द्या. बॉल जॉइंटची दांडी आणि बूट टेपने झाका. ब्रॅकेटचा गंज घासून, गंजरोधक लावून, मग रंग. पाणी जायची भोकं बुजवू नका. गंजावरच जाड अंडरकोटिंग फासलं तर ओल आतच राहते.

खारावारा
डावी बाजू निम्मी झाली. पिंच बोल्ट निघाला. आतल्या बोल्टचा नट सुटला, पण बोल्ट नुसता गोल फिरतोय, बाहेर येत नाही. ठोकून बघितलं.

आटेदुरुस्त
बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलाय, दोघं मिळून रबरात फिरतायत. ठोकणं थांबवा, ब्रॅकेट वाकेल. आर्म टाकायचाच आहे, तेव्हा कापा. ग्राइंडरला 1 मिलिमीटरची पातळ कटिंग डिस्क लावा, बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. ब्रॅकेटच्या पत्र्याला चरा पडू देऊ नका. ब्रेकच्या पाइपवर आणि होजवर ओलं गोणपाट, डोळ्यांवर चष्मा, शेजारी वाळूची बादली. रबर जळून धूर येईल, घाबरू नका, पण अर्धा तास तिथून हलू नका.

उजवीकडेही हेच होणार असं धरून चाला, दोन डिस्क जास्त आणा.

खारावारा
निघाला. अलाइनमेंट कधी करू?

निवांत पाना
दोन्ही बाजू झाल्यावर, एकदाच. टाय रॉड एंड बदलणार असाल तर तेही आधीच उरका, जुना काढताना किती फेरे लागले ते मोजून नवा तेवढ्याच फेऱ्यांवर लावा, म्हणजे अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाईल. निघण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज कुठे ताणतोय का बघा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट परत पान्याखालून घाला.