घाटापलीकडचा बर्फ

आई: पोचलीस का गं? सकाळपासून एकही मेसेज पाहिला नाहीस.

मी: पोचले आई, आत्ताच. इथे साडेनऊ वाजलेत. थंडीत बॅटरी भराभर उतरते म्हणून फोन बंद करून आतल्या खिशात ठेवला होता.

मोठे काका: सकाळच्या फोटोत तर टोकियोत लख्ख ऊन होतं. मग बर्फ गाठलास कुठे?

मी: काका, मला तुम्हाला हेच सांगायचं होतं! मैत्रिणीबरोबर गाला युझावाच्या स्की रिसॉर्टला गेलो होतो, निईगाता प्रांतात. टोकियोहून सुमारे २०० किमी, म्हणजे आपलं पुणे-नाशिक धरा. शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वा तास-दीड तास. वाटेतल्या ताकासाकी स्टेशनपर्यंत निळं आकाश आणि सुकी शेतं. मग दाईशिमिझूचा बोगदा लागतो, २२ किमीचा. बाहेर आलो तर छपरांवर कमरेएवढा बर्फ, आणि वरून अजून पडतोच आहे. मी खिडकीला नाक लावूनच बसले होते. सैबेरियातला कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, डोंगराला अडतो आणि सगळं निईगाताच्या बाजूला टाकून देतो. टोकियोकडे उतरतो तो पुन्हा कोरडा.

मोठे काका: म्हणजे महाबळेश्वरात धो धो आणि आम्ही वाईत छत्री मिटून बसलेलो, तसंच की.

मी: अगदी तसंच! बोगद्यातून बाहेर पडताना मला वाईच आठवली.

दादा: मार्चमध्ये आम्ही चौघं येतोय. सामान भाड्याने मिळतं का?

मी: सगळं मिळतं. बूट, स्की, काठ्या, जॅकेट-पँट. स्टेशनच्या इमारतीतच काउंटर आहे आणि तिथूनच गोंडोला, म्हणजे तारेवरचा बंद पाळणा, वर जातो. हे स्टेशन बर्फाच्या मोसमापुरतंच चालू असतं. हातमोजे मात्र पाणी आत न जाणारे, इकडे येण्याआधीच घे. आणि आतून सुती बनियन अजिबात नको. घाम सुकत नाही, मग वर नेणाऱ्या उघड्या खुर्चीच्या लिफ्टवर बसलं की अंग गारठतं. परदेशी पासपोर्टवर ‘टोकियो वाइड’ नावाचा ३ दिवसांचा रेल्वे पास निघतो, तो गालापर्यंत चालतो. मुलांच्या तिकिटांचं मी बघून सांगते.

आत्या: आई विचारतेय, पडलीस का? हाडं धड आहेत ना?

मी: आजी, खूप पडले, पण लागलं नाही. मैत्रिणीने आधी पडायलाच शिकवलं. तोल जातोय असं वाटलं की मागे रेलायचं नाही, चढाच्या बाजूला कुशीवर बसायचं. उठताना स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठताच घसरतो.

बूट म्हणजे पायाला प्लास्टर घातल्यासारखे, घोटा हलतच नाही. तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने ठोकून काढायचा, आधी चवडा स्कीत अडकवायचा, मग टाच दाबायची. खट्ट आवाज आला की बसलं. आणि थांबायचं कसं, तर पुढची टोकं जवळ, मागची लांब. जपानी ‘हा’ अक्षर तसंच दिसतं, म्हणून सगळे त्याला ‘हा’चा आकारच म्हणतात. मैत्रीण माझ्यासमोर तोंड करून स्वतः उलटी घसरत होती, दोन्ही हात पुढे करून, आणि सारखी म्हणत होती, “हा, हा, हा!” नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबली आणि वेग खरंच कमी झाला. त्या क्षणी मला रडूच आलं. इतकी भीती वाटत होती, आणि पायांनी ऐकलं.

आई: खाल्लंस काय?

मी: ओनिगिरी. भाताचा मोठा गोळा, आत उमेबोशी, म्हणजे लोणच्यासारखं खारवलेलं आंबट फळ. भात तिथलाच, उओनुमा भागातला, कोशिहिकारी जातीच्या तांदळाचा. जपानभर नावाजलेला आहे. वितळलेल्या बर्फाचं पाणी शेतांना मिळतं.

आजी (आत्याच्या फोनवरून): आपल्या इंद्रायणीसारखा चिकट का?

मी: हो आजी, तसाच, पण दाणा आखूड. वास नाही तितका, चव मात्र गोड. तुझ्यासाठी किलोभर घेतलाय, दादाबरोबर पाठवते.

आजी (आत्याच्या फोनवरून): ती मुलगी दिवसभर तुलाच शिकवत बसली. तिने स्वतः काय केलं?

मी: मलाही तेच टोचत होतं. तिचं माहेर निईगातातलंच, शाळेपासून स्की करते. साडेतीनला मी हट्टाने तिला वर पाठवलं आणि खाली उभी राहिले. बराच वेळ काहीच दिसेना. मग दोन झाडांमधून एक लाल ठिपका आला, डावीकडे, उजवीकडे, मागे बर्फाची धूळ उडतेय. माझ्याजवळ येऊन थांबली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता आणि ती हसत होती. पुन्हा जा म्हटलं तर म्हणाली, आता तुझ्याबरोबर.

आत्या: आई म्हणतेय, फोटो टाक तिचा.

मी: तिला विचारून टाकते. लाल टोपीवाली ती. मागे पांढरं दिसेल तो ढग नाही, डोंगर आहे.