फोनचा कोनमापक: आधी उलटून पाहा
फोनमधलं कोन मोजायचं ॲप अर्धा अंश चुकतं, म्हणून ते टाकाऊ, असं या चर्चेत एकाने म्हटलं आहे. मला हे पटत नाही. ती चूक बहुतेकदा शून्य सरकल्याची असते आणि ती काढता येते. फोन पृष्ठभागावर ठेवून वाचन घ्या, मग त्याच रेषेवर 180 अंशांनी फिरवून पुन्हा घ्या. समजा एकदा 2.3 आणि एकदा 1.7 अंश आले, तर खरा उतार 2.0 आणि उपकरणाची चूक 0.3. गवंड्याची पाणसळही अशीच तपासतात. फोन मात्र सपाट पाठीवर नाही, कडेवर उभा ठेवा. कॅमेऱ्याचा उंचवटा सगळा हिशेब बिघडवतो.

आतला सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा पाहतो, म्हणून हात हलला किंवा गाडी चालू असली की आकडा नाचतो. एकाच अक्षाचा सेन्सर असेल तर तो कोनाची ज्या (साइन) मोजतो. 0 ते 5 अंशांत ती सुमारे 0.087 ने बदलते, 85 ते 90 मध्ये जेमतेम 0.004 ने. म्हणजे उभ्याच्या जवळ तो जवळपास आंधळाच. दोन अक्षांचं गुणोत्तर घेतलं की ही अडचण जाते.

आणि कृपया टक्के की अंश ते लिहीत जा! 100 टक्के उतार म्हणजे 45 अंश, 10 टक्के म्हणजे सुमारे 5.7. या चर्चेतल्या अर्ध्या वादाचं मूळ तिथेच दिसतंय.