जुन्या सिव्हिकला कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) परत बसवायचाय, सुरुवात कुठून करू?

मंडळींनो नमस्कार,
चुलतभावाची १९९४ ची सिव्हिक ओरेगनहून कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आणलीये, इथे रजिस्टर करायची तर स्मॉग सर्टिफिकेट (धुराच्या तपासणीचा दाखला) लागतं. भावाने हौसेने हेडर (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसवायचे पाइप) टाकलाय, कॅटच्या जागी सरळ पाइप आहे आणि कोळशाचा कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा) गायब. स्मॉग तपासणीचा स्टेशनवाला खाली वाकला, बघितलं, म्हणाला डोळ्यांच्या तपासणीतच नापास आहे. ऑनलाइन ९० डॉलरला कॅट दिसतोय, मागवू का? कुणी हे काम केलंय का? गाडी मला मनापासून आवडते, भंगारात द्यायची नाहीये.

---

अरे थांब, तो कॅट मागवू नकोस. मी दिवाळीपासून सांगलीत आहे, विश्रामबागच्या घरी, आणि हेच काम आत्ता उरकलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आमची एस्टीम २००६ ची, २०१९ च्या महापुरात तीन दिवस पाण्यात होती. पुढे सायलेन्सर सडला तेव्हा एका गॅरेजवाल्याने कॅट काढून सरळ पाइप वेल्ड केला आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही, दादांना वाटायचं गाडी म्हातारी झाली म्हणून आवाज करते. यावेळी पीयूसीला नेली तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के, आणि या गाडीला मर्यादा आहे ०.५. मी लगेच नवा कॅट आणून बसवला आणि चूक तिथेच झाली. बारा दिवसांत गाडी चढाला दम टाकायला लागली, कॅट काढून हातात धरून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला, आतली जाळी वितळून तुटली होती. साडेनऊ हजार पाण्यात.

झालं काय होतं, एका प्लगची वायर चिरलेली, त्या सिलिंडरमध्ये ठिणगी मधूनच चुकायची, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटमध्ये पेटायचं. माधवनगर रोडच्या मेस्त्रीने हे दोन मिनिटांत सांगितलं. मग त्याने इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं आणि पाइपच्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं, ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) अलीकडच्या, इंजिनच्या बाजूच्या वेल्डिंगवर बारीक फेस यायला लागला. टाचणीएवढं भोक, पण त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणखी पेट्रोल सोडत राहतो. आपण मात्र कॅटला शिव्या देतो! सांधायला साधं सिलिकॉन लावायचं नाही हेही त्यानेच बजावलं, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

म्हणून आधी प्लग, वायरी, व्हॅक्यूमच्या नळ्या, गळती, मग सेन्सर (गरम इंजिनला ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली व्हायला हवा), आणि कॅट सगळ्यात शेवटी. आमची आता ०.२ वर आली.

तुझ्याकडे मात्र नुसतं सीओने भागणार नाही. आपल्याकडे पीयूसीत गाडी जागेवर उभी करून सीओ आणि हायड्रोकार्बन बघतात, तुमच्या भागात १९९९ पर्यंतच्या गाड्या रोलरवर पळवून नायट्रोजनचे ऑक्साइडही मोजतात आणि ते कमी करायला रोडियम धातूवाला चांगला कॅटच लागतो. कॅटच्या अंगावर कॅलिफोर्नियाचा ईओ नंबर (सरकारी मंजुरीचा क्रमांक) कोरलेला हवा आणि तो तुझ्याच गाडीला लागू हवा. बॉनेटखालचं लेबल आधी वाच, गाडी कॅलिफोर्नियाच्या नियमांची की फेडरल (बाकी अमेरिकेच्या) नियमांची ते त्यावर आहे, व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशाही बॉनेटखालीच स्टिकरवर असतो. तो ९० डॉलरचा बहुतेक ईओशिवायचा असणार. हेडरलाही ईओ लागतो, नसेल तर जुना मॅनिफोल्ड शोध. कॅनिस्टर जंकयार्डात मिळेल, नळ्या मात्र नव्या घे, तीस वर्षांचं रबर बोटाने मोडतं.

---

काका, खूप आभार. काल रात्री गॅरेजमध्ये साबणाचं पाणी केलं, बायको ओलं फडकं धरून बसली होती. हेडर जिथे इंजिनला जोडलाय तिथल्या गॅस्केटला फेस आला, दुसऱ्या सिलिंडरपाशी. हेडरवर ईओ नंबर कुठेच नाही. त्यामुळे तो काढतोच आहे, सॅन होजेच्या जंकयार्डात त्याच पिढीची सिव्हिक उभी आहे, शनिवारी मॅनिफोल्ड आणि कॅनिस्टर उतरवून आणतो. कॅटची ऑर्डर अजून दिलेली नाही.